समाच्या घरातील करड्या ओट्याबाबत

सर्वांत आधी आल्या त्या निरुपमा वन्सं. आणि त्या रिक्षाने नाही आल्या, पीयूषच्या स्कूटरवर मागे बसून आल्या! वय ऐंशीला टेकलेलं, एका हातात तिळाच्या वड्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात पीयूषची मोजायची टेप. माझ्या नवऱ्याची ही सख्खी थोरली बहीण. एरवी माझ्याकडे ये म्हटलं की "नलू, गुडघे उठू देत नाहीत गं" असा निरोप येतो. तीच बाई ओटा फोडणाऱ्याच्या खांद्याला धरून प्रतापनगरहून समापर्यंत आली. तेव्हाच मी ओळखलं की आज माझ्या स्वयंपाकघराची बैठक आहे आणि मला सोडून सगळ्यांना बोलावणं गेलेलं आहे.

शेजारचे मोहनराव कोर्टात कारकून होते. ते हे वाचून म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्र असं सुरू होत नाही. आधी नाव, वय, शुद्धीत असल्याचं लिहा." बरं. घ्या.

मी, श्रीमती नलिनी बाळकृष्ण जगताप, वय शहात्तर, धंदा घरकाम, शिक्षण मराठी तिसरी, राहणार समा, बडोदे. कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि रविवारपासून तापलेलं असलं तरी डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. मोहनरावांच्या नमुन्यात पुढे "मनुष्यदेह नाशवंत असल्याने" असं आहे. ते मी गाळते, कारण मला कुठे जायची घाई नाही. उलट मी आनंदात आहे. मुलगा कुणाल, सून मनाली आणि नात सानवी, तिघंही गोत्रीचा फ्लॅट भाड्याने देऊन, सानवीची परीक्षा झाली की कायमचे माझ्याकडे राहायला येणार आहेत. हे गेल्यापासून मी या घरात एकटी जेवते. कोणी येणार म्हटल्यावर मला काय वाटलं ते मोहनरावांच्या नमुन्यात बसणार नाही.

पण त्यांची अट आहे. ओटा फोडायचा आणि नवा पांढरा बसवायचा, मगच येणार. म्हणून हे कागदावर.

याआधी मी रागाच्या किंवा प्रेमाच्या भरात जे जे ज्याला ज्याला तोंडी देऊन टाकलं, ते सर्व या लेखाने रद्द समजावे.

कलम १. माझी मिळकत. समा येथील टेनामेंट, म्हणजे बैठं घर, मागे तुळस आणि पुढे झोपाळा, यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावे आहे. त्यात स्वयंपाकघर. त्यात ओटा. ओटा ग्रॅनाइटचा, करडा, साबुदाण्यात काळे तीळ मिसळावेत तसा. यांनी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर दगड स्वतः निवडून आणला. दुकानदार चकचकीत काळा गळ्यात मारत होता. हे म्हणाले, काळ्यावर कणकेचं एकेक बोट दिसेल आणि माझी बायको दिवसभर पुसत बसेल. एवढा विचार करणारा नवरा होता. वाढदिवस मात्र एकदाही लक्षात ठेवला नाही, हेही इथे नोंदवते.

कलम २. सदर ओटा खराब झाला आहे, असं सर्वांचं म्हणणं आहे. झालेला नाही. त्याला खराब केलं आहे, आणि कोणी केलं ते मी लिहिणार.

पहिल्या निरुपमा वन्सं. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचा ओटा कडप्प्याचा. कडप्प्याला सणासुदीला तेलाचा बोळा फिरवला की तो काळाभोर होतो, हे खरं आहे. माझ्या आईकडेही तसंच करत. पण वन्सं दर गौरीला माझ्याकडे यायच्या आणि मी हळदीकुंकवाच्या बायकांना निरोप देऊन आत येईपर्यंत ग्रॅनाइटवर शेंगदाण्याचं तेल चोळून मोकळ्या व्हायच्या. "दगडाला तेल पाजलं की तो माणसात येतो, नलू." ग्रॅनाइट तेल पितो, पण माणसात येत नाही, डाग धरून बसतो. मी सांगितलं. मी हात जोडून सांगितलं. तर म्हणाल्या, "बाळूच्या घरात मला तेलालासुद्धा हात लावायची चोरी?" आता थोरल्या नणंदेपुढे, ऐन गौरीत, भरल्या घरात काय बोलणार? गॅसच्या उजवीकडे जो ढगासारखा काळपट डाग आहे तो असा आला. दर वर्षी थोडा थोडा.

दुसरा माझा मुलगा. कुणाल नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात अधिकारी आहे. घरात कोणी साधी फिनेलची बाटली उघडली तर खिडक्या उघडा म्हणून ओरडतो. त्याने वन्संचा डाग काढायला संडासातलं ॲसिड आणलं आणि सिंकजवळ "जरा करून बघतो" म्हणून ओतलं. डाग गॅसजवळ, ॲसिड सिंकजवळ! का, तर आधी लांब बघायचं. तिथली झिलई गेली ती गेली. वर मला म्हणतो, "आई, हा दगडच हलका आहे." हलका! चार माणसांनी उचलून आणलेला दगड.

तिसरा पीयूष. त्याचं कुठल्याशा किचनच्या शोरूममध्ये काम आहे, आणि पोरगा तसा गोड आहे, "बा, केम छो" म्हणत आत येतो. दोन वर्षांपूर्वी कुणालने त्यालाच सीलर लावायला आणलं. सीलर म्हणजे पातळ औषध असतं, ते दगडाच्या बारीक भोकांत शिरून आतून दार लावतं, मग तेल-हळद आत उतरत नाही. याने काय करावं? आधी डाग काढला नाही. म्हणजे वन्संचं तेल आत कोंडलं आणि बाहेरून दार लावलं. आणि औषध लावून जास्तीचं पुसायचं असतं, ते पुसलं नाही. दाराला रंग द्यावा तसा थर दिला आणि चहा पिऊन गेला. वाळल्यावर ओटा चिकट. त्यावर वर्तमानपत्र ठेवलं तर बातमी उलटी उमटायची. तेव्हा तो म्हणाला, "बा, धीमे धीमे सारु थई जशे." दोन वर्षांत काही सारु झालं नाही. आता तोच म्हणतो, दगड मेला.

कलम ३. रविवारची हकीकत. मोहनरावांच्या मते याला मृत्युपत्रात जागा नाही. माझ्या मते याच्याशिवाय पुढचं कलम कोणाला कळणार नाही.

वन्सं आणि पीयूष आले, मागून कुणाल-मनाली आले. मनाली शाळेत शिकवते, सुट्टीचा दिवस म्हणून संक्रांतीच्या गुळपोळ्या माझ्याकडेच लाटायला आली होती. ती गुपचूप कणीक काढून लाटायला लागली. पीयूषने ओट्यावर बोटांनी टकटक केलं, डॉक्टरने छातीवर करावं तसं, आणि मान हलवली.

"पथ्थर गयो, बा."

मी वाटीतून पाणी घेतलं आणि खिडकीजवळ थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला. मग सिंकजवळ टाकला. तिथे थोड्या वेळाने दगड काळसर झाला.

"जुओ!" पीयूष खूश.

"काय जुओ? इथे तो तहानलाय. तहानलेल्याला औषध पाजतात की घराबाहेर काढतात?"

कुणाल म्हणाला, "आई, प्रश्न एका थेंबाचा नाही. नवीन मटेरियलला सीलरच लागत नाही. डाग पडत नाही. कटकट नाही."

पीयूषने पिशवीतून त्या पांढऱ्या मटेरियलचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. दिसायला छान होता, खोटं कशाला बोलू, बासुंदीसारखा. माझ्या हातात मनालीने नुकताच उतरवलेला तवा होता. मी तो सहज त्या तुकड्यावर टेकवला.

"बा! बा! गरम ना मूकशो!"

"ओट्यावर गरम ठेवायचं नाही तर काय तुझ्या स्कूटरवर ठेवू?"

तवा उचलून परत गॅसवर ठेवला, तर तुकड्यावर पिवळा चंद्र उमटलेला. वन्सं हसल्या, मग आपण कोणाच्या बाजूने आलोय ते आठवून गप्प बसल्या. कुणाल चिडला. म्हणाला, "तू मुद्दाम केलंस." हो, केलं. मग काय, घरात यायच्या अटी तुम्ही मुद्दाम घालता त्या चालतात?

तेव्हा वन्संनी तोंड उघडलं. "जाऊ दे रे कुणाल. आजकालच्या सुनांना नवं दिसलं की जुन्याला डाग दिसतात."

आणि मनालीने लाटणं आपटलं. माझ्याकडे लग्न होऊन आल्यापासून या मुलीचा आवाज मी चढलेला ऐकलेला नाही. माझ्याशी ती बोलते ते वर्गात निरीक्षक बसलेला असावा तशी.

"मला डाग दिसत नाहीत, आत्या. मला कंबर दिसते! हा ओटा माझ्या मांडीला लागतो. पन्नास पोळ्या लाटल्या की मला रात्री कूस बदलता येत नाही. दर गौरीला, दर संक्रांतीला. आणि आता रोज इथे उभं राहायचंय."

कुणाल म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस."

"कोणाशी बोलू? तुमच्या घरात ओट्याबद्दल बोलायचं म्हणजे देव्हाऱ्याबद्दल बोलल्यासारखं. डागाचं निमित्त निघालं, म्हटलं बरं झालं, निदान फुटेल तरी."

तव्यावरची गुळपोळी फुटून गूळ जळाला, त्याचा वास सुटला.

मला इतका राग आला की बसायला लागलं. कमरेचा राग नाही. एवढी वर्षं ही मुलगी माझ्या शेजारी वाकून पोळ्या लाटते आहे आणि मला सांगत नाही! मी काय वाघ आहे? आणि हा नंदेसरीचा अधिकारी, दर सणाच्या रात्री हिच्या कमरेला मलम चोळत असणार, त्याला ओट्याची उंची दिसली नाही, डाग दिसला? वन्संना तेल दिसलं. पीयूषला गिऱ्हाईक दिसलं. मी उठले आणि मनालीला ओट्यासमोर सरळ उभं केलं. हात कोपरात वाकव म्हटलं. तिचं कोपर कुठे आणि ओटा कुठे! मध्ये माझा पिठाचा डबा मावला असता. माझ्या कोपराला तो बरोबर येतो, कारण यांनी मला भिंतीशी उभं करून खडूने खूण केली होती आणि त्या खुणेवर विटा रचल्या होत्या. मी बुटकी आहे. त्यात माझा दोष नाही आणि दगडाचाही नाही.

आता खरं सांगते. राग होता तसा आतून आनंदही झाला. माझी सून माझ्या घरात पहिल्यांदा भांडली. परक्या घरात कोणी लाटणं आपटत नाही.

कलम ४. वाटणी. माझ्या पश्चात समाचे टेनामेंट, स्वयंपाकघरासकट, मी माझी सून सौ. मनाली कुणाल जगताप हिच्या एकटीच्या नावे करते. मुलाच्या नावे करत नाही, कारण त्याला काही विचारलं की तो पीयूषला विचारतो. मोहनरावांनी मला तीनतीनदा विचारलं, "वहिनी, नक्की? सून?" नक्की. सून.

मात्र ओट्याबाबत माझी इच्छा अशी, आणि ही मेल्यावरची नाही, आत्ताची आहे. ओटा फोडू नये, उचलावा. खालच्या विटांवर मनालीच्या कोपराच्या हिशेबाने आणखी विटा रचाव्यात आणि हाच दगड पुन्हा वर ठेवावा. पीयूषला विचारलं तर तो म्हणाला, सिंकसाठी कापलं आहे तिथे दगडाची पट्टी अरुंद आहे, उचलताना तिथून तडकू शकतो. हे तो खरं बोलला, म्हणून मी त्याच्यावरचा अर्धा राग मागे घेते. सिंकपाशी खालून लाकडी फळीचा आधार देऊन, माणसं जास्त लावून उचलावा. तरीही तडकला तर मी कोणाला बोल लावणार नाही, जोड देऊन वापरावा. उचलताना फुटणं वेगळं आणि फोडणं वेगळं. फोडला, तर हे मृत्युपत्र मी दुसऱ्या दिवशी बदलेन. ही धमकी आहे असं कुणाल म्हणेल. बरोबर म्हणेल.

मी कशी काम करणार ही काळजी कोणी करू नये. मला पाट आहे. पाटावर उभी राहीन. चहापुरता मला पुरतो, आणि पोळ्या आता मी लाटणार नाही.

कलम ५. ओट्याची निगा. घर घेणाऱ्याने ही जबाबदारी घराबरोबर घ्यायची आहे.

पीयूषचा चिकट थर आधी त्यानेच काढून द्यायचा आहे, फुकट, त्याचं त्याला ठाऊक असलेलं औषध लावून. मग वन्संचं तेल. त्याला ॲसिड नको, घासणी नको. खायचा सोडा पाण्यात कालवून इडलीच्या पिठाएवढा दाट करायचा, डागावर थापायचा, वर प्लास्टिक झाकून ठेवून द्यायचा. वाळला की काढून पुन्हा. सोडा तेल वर ओढतो, पण एका दमात ओढत नाही. इतक्या वर्षांचं तेल आहे, तेव्हा चिडू नये. माझ्यासारखं तर मुळीच चिडू नये.

त्यानंतर दगड पूर्ण कोरडा होऊ द्यावा. सीलर पातळ लावावा, मुरू द्यावा, आणि तो वाळायच्या आत वरचा सगळा कोरड्या फडक्याने पुसून काढावा. पुसल्यावर काहीच लावलं नाहीसं वाटलं पाहिजे. दिसला तर चुकलं. त्या दिवशी स्वयंपाक करू नये, बाहेर जेवायला जावं. मला न्यावं. पुढे कधी लावायचा ते कॅलेंडर बघून नाही, थेंब टाकून ठरवावं.

रोजच्याला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि सुती फडकं, शेवटी कोरडं पुसणं. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की तिथल्या तिथे पुसावं. लोणच्याच्या बरणीखाली ताटली ठेवावी. खंडेनवमीला हत्यारांबरोबर ओट्याचीही पूजा करण्याची या घरची पद्धत आहे, ती चालू ठेवावी, पण कुंकू विड्याच्या पानावर ठेवावं, दगडावर नाही. देवाला चालतं, मी विचारलेलं आहे.

कलम ६. इतर. यांच्या वर्कशॉपच्या हत्यारांची पेटी कुणालला. पाने, कानशी, सगळं. हातोडीही देते, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून नेऊ नये. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते आणि माझ्या पाटल्या सानवीला. ती माझी लाडकी आहे आणि हे पुराव्याशिवाय मान्य करावं. रविवारी ती पतंगांना कन्नी बांधत गच्चीत बसली होती, खाली भांडण ऐकून आली आणि म्हणाली, "आजी, मी काय मिस केलं?" सगळं मिस केलंस. म्हणून लिहून ठेवते आहे.

निरुपमा वन्संना माझी पितळी तेलाची बुधली द्यावी. त्या माझ्या आधी गेल्या तर मला वाईट वाटेल, खरंच वाटेल, भांडायला दुसरं कोणी उरलेलं नाही. बुधलीतलं तेल त्यांनी डोक्याला लावावं.

पीयूषचा जळका तुकडा फ्रिजवर आहे. तो त्याला परत द्यावा.

कलम ७. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून श्री. मोहनराव यांना नेमते. त्यांनी लेखात सुधारणा करायचा पुष्कळ प्रयत्न केला, शुद्धलेखनापलीकडे मी काही करू दिलं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, मोहनरावांकडून मोठ्याने वाचून घेतला आणि दोन ठिकाणी हसले. तो मला मान्य आहे.

स्थळ : समा, बडोदे
दिनांक : १३ जानेवारी २०२६, मंगळवार

सही : नलिनी बाळकृष्ण जगताप

साक्षीदार :
१. डॉ. सुभानराव मोहिते, सोसायटीतले. नाडी बघून, "तब्येत ठणठणीत, राग थोडा जास्त" असं सांगितलं. सही केली.
२. अवंतीबेन पंड्या, समोरच्या घरातल्या. मराठी वाचता येत नाही, पण सगळं भांडण खिडकीतून ऐकलेलं असल्याने मजकूर माहीत आहे. सही गुजरातीत.

सही झाल्यावर आठवलं म्हणून खाली लिहिते. उत्तरायण उद्या, वासी उत्तरायण परवा, त्या दोन दिवसांत पतंगांपायी बडोद्यात कोणी गच्चीवरून खाली उतरत नाही. म्हणून सगळे शुक्रवारी, सोळा तारखेला सकाळी येतो म्हणून सांगून गेलेत. कमूरता, म्हणजे संक्रांतीआधीचे अशुभ दिवस, तेही तोवर उतरतील, म्हणजे वन्संना बोलायला जागा नाही. पीयूषने सहा माणसं आणावीत, विटा मी मागवून ठेवते. आणि मनालीने घरातून निघतानाच ठरवून यावं की ती स्वयंपाक चपला घालून करते की अनवाणी. माप त्यावर घ्यायचं आहे.